कप्पेकरांचा डेडस्टॉक

कप्पेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटावर आहे, तिथंच असू दे. ते उच्चारायची वेळ कुणावर येत नाही. पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळतात आणि जगातली कुठलीही वस्तू दिसली की आधी तिच्यासाठी कप्पा शोधतात. म्हणून लेथवाल्याने एकदा चहा पिता पिता हे नाव ठेवून दिलं. "हे आमचे कप्पेकर. यांच्या डोक्यात मेंदूच्या जागी ड्रॉवर आहेत." सगळे हसले. कप्पेकरही हसले, आणि हसता हसता त्यांनी ते नाव मनातल्या 'चालेल' या कप्प्यात टाकून दिलं. हे सगळं आता तेच सांगतात, आणि सांगताना ऐकणाऱ्याच्या आधी स्वतः हसून मोकळे होतात.

स्टोअर म्हणजे एक लांबट खोली. छतापर्यंत पत्र्याचे रॅक, रॅकवर लोखंडी ट्रे, प्रत्येक ट्रेला चिठ्ठी. समोर जाळीची खिडकी आणि खिडकीआड कप्पेकर. बेअरिंग मागा, ऑइल सील मागा, वॉशर मागा, मान न वळवता हात मागे नेऊन काढून देणार. आत पाऊल टाकायची मात्र कुणाची टाप नाही. त्यांचे नियम दोनच. रोज लागणारा माल खिडकीपाशी, कधीतरी लागणारा मागे. आणि जो माल बरेच दिवस जागचा हललाच नाही, तो डेडस्टॉक. त्याला दयामाया नाही. सही ठोकायची आणि बाहेर काढायचा. "जागा मालाला असते, मायेला नसते," असं ते म्हणायचे. काय पण वाक्य! त्या वाक्यावर आपण किती वर्षं खूश होतो, हे आठवलं की आता त्यांना स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

बरं, घरी तरी सगळं जागच्या जागी? छे! दिव्याखाली अंधार. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक खणावर त्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि एका खणावर लिहिलं होतं 'इतर'. घरातली निम्मी चीजवस्तू त्या 'इतर'मध्ये जाऊन बसली. शेवटी तो खण बंद होईना. चष्म्यासाठी कपाटात खास जागा होती. तिथे चष्मा सोडून सगळं असायचं. चष्मा कपाळावर, आणि कप्पेकर घरभर. काखेत कळसा न् गावाला वळसा, दुसरं काय! बायको बघत बसायची आणि अगदी शेवटी, जरा मजा घेऊन झाली की मग सांगायची.

बायको कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात कामाला. पँटची चेन बदल, बाह्या आखूड कर, उसवलेली शिवण घाल. तिचा डबा म्हणजे बटणं, रिळं, टाचण्या, तुटक्या चेना, सगळं एकत्र. पण ती न बघता हात घालायची आणि हवं तेच बटण बाहेर यायचं. कप्पेकरांनी एकदा तो डबा लावून द्यायची तयारी दाखवली होती. तिने कात्री हातातच ठेवून सांगितलं, "अहो, माझा पसारा माझ्या ओळखीचा आहे. तुम्ही लावलंत की मला परका होईल." कप्पेकरांना वाटलं, हा आळशीपणा. बायकांना शिस्त नसते, असं काहीतरी मोठ्या माणसासारखं ते मनात म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

अशा माणसाच्या हातात स्मार्टफोन पडला, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. कारखान्याने हजेरी फोनवर घ्यायचं ठरवलं, म्हणून घ्यावा लागला. पहिल्या दिवशी पडदा उघडून बघतात तो काय, कुणीतरी ट्रेच उलटा केल्यासारखी चिन्हं पसरलेली! हवामानाच्या शेजारी आकडेमोड, आकडेमोडीच्या खाली गाणी, गाण्यांच्या बाजूला बँक. "यांचा एकमेकांशी संबंध काय?" कप्पेकर मोठ्याने म्हणाले. बायको म्हणाली, "शेजारी राहतात. शेजाऱ्यांचा संबंध असावाच लागतो का?"

मग रोज कामावरून आल्यावर हात-पाय धुऊन कप्पेकर फोन घेऊन बसायला लागले. चिन्हावर बोट दाबून धरलं की सगळीच चिन्हं थरथरायला लागायची. कप्पेकरांना वाटायचं, साहेब आले म्हणून घाबरली बिचारी. हे त्यांना फार आवडायचं. कारखान्यात त्यांना बघून कुणी थरथरत नव्हतं. एकेक चिन्ह बोटाने ओढायचं, दुसऱ्यावर सोडायचं, कप्पा तयार. 'बोलणं', 'पैसा', 'बघणं', 'साधने', 'कधीतरी'. मधेच बोट सटकायचं आणि बँक जाऊन गाण्यांत पडायची. मग परत पहिल्यापासून. शेवटी सगळा संसार एका पडद्यावर बसला. खालच्या ओळीत चार मानकरी, वर पाच कप्पे, आणि बाकी पडदा मोकळा. कप्पेकर तो हातभर लांब धरून, मान तिरकी करून बघत राहिले.

"झालं का लावून?" बायको म्हणाली.

"झालं."

"मग आता करा की कुणाला तरी फोन."

कप्पेकर विचारात पडले. कुणाला करायचा तेच सुचेना. शेवटी समोर बसलेल्या बायकोलाच केला. तिने उचलला आणि म्हणाली, "बोला, काय काम काढलंत?"

फोन करण्यासारखा खरं तर एक होता. मुलगा. पण त्याच्याशी बोलणं बंद होतं.

त्याचं असं झालं होतं. शिक्षण संपल्यावर कप्पेकरांनी शब्द टाकून त्याला आपल्याच स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून लावून घेतला. पोरगा काही महिने बेअरिंगच्या रॅकमागे जांभया देत बसला, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, मालवाहू जहाजावर स्वयंपाकघरात काम मिळालंय, जातो. कप्पेकरांच्या अंगाचा तिळपापड झाला. बसल्या जागी मिळालेली खुर्ची सोडून हा समुद्रावर कांदे चिरायला निघाला! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला: "गेलास तर तुझी जागा रिकामी झाली असं समजेन मी." पोरगं बापावरच गेलेलं. "समजा," म्हणालं आणि गेलं. तेव्हापासून दोघंही वाट बघत होते, दुसरा आधी बोलेल म्हणून. मधल्यामध्ये निरोप आईच्या तोंडून. "बाबांना सांग, खोकला अंगावर काढू नका." "त्याला सांग, ओल्या जमिनीवर पाय जपून टाक." बायको म्हणायची, "मी काय दोन देशांची वकील आहे का?" पण निरोप पोचवायची. दोन वर्षं होऊन गेली होती या वकिलीला.

तर ते असो. कप्पेकरांच्या फोनची कीर्ती कारखान्यात पसरली. जेवणाच्या सुट्टीत खिडकीसमोर रांग लागायला लागली. ऑइल सीलसाठी नव्हे, फोन लावून घ्यायला. लेथवाल्याचा फोन लावला, कँटीनच्या बाईंचा लावला, हिशेबनिसाचा लावला. त्या जाळीतून फोन आत यायचे आणि शिस्त लागून बाहेर जायचे. कप्पेकरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग वॉचमनने घोटाळा केला. खरं म्हणजे घोटाळा कप्पेकरांनी केला, पण तेव्हा त्यांना तो वॉचमनचा वाटला. वॉचमनच्या फोनवर टॉर्च पहिल्याच पानावर मधोमध होता, एकटा. कप्पेकरांनी तो उचलून 'साधने' कप्प्यात, मोजपट्टी आणि होकायंत्राच्या मधे नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी वॉचमन लंगडत खिडकीशी आला.

"काय झालं?"

"गोदामामागे कुत्रं अंगावर आलं. टॉर्च सापडेना. गटारात पडलो."

"अरे, 'साधने'मध्ये आहे ना!"

"काका, कुत्रं अंगावर आल्यावर टॉर्च हे साधन आहे का काय आहे, असा विचार करत उभा राहू मी?"

रांगेतले सगळे खो खो हसले. एखाद्या शहाण्या माणसाने तिथल्या तिथे कानाला खडा लावला असता. कप्पेकर म्हणाले, "सवय झाली की जमेल," आणि घरी जाताना त्यांच्या मनात आलं, आता एकच फोन राहिला. बायकोचा.

बायकोचा फोन म्हणजे तिच्या त्या डब्याचीच सख्खी बहीण. तीन पानं भरून चिन्हं, काही दोनदोनदा. कप्पेकरांची बोटं शिवशिवायची. तिने बजावून ठेवलं होतं, "माझ्या फोनला हात लावाल तर याद राखा." पण एका सुट्टीच्या दिवशी ती फोन चार्जिंगला लावून विसरली आणि दुकानात निघून गेली. कप्पेकर घरात एकटे, फोन समोर. कुलूपही नव्हतं त्याला. त्यांनी ठरवलं, आज सगळं असं लावून ठेवायचं की ती बघतच राहील. त्यांचा हेतू चांगला होता, हे ते आजही शपथेवर सांगतात. हेतू त्यांचा नेहमीच चांगला असतो. रडायला लावतो तो त्यांचा हातगुण.

दुपारपर्यंत कप्पे झाले. मग आला दुसरा नियम. कुठलं अ‍ॅप किती वापरलं, हे फोन आपणहून सांगतो. हे कळल्यावर कप्पेकरांना फोनबद्दल सख्ख्या भावासारखं प्रेम वाटलं. न हललेला माल त्यांनी एकेक करून काढायला सुरुवात केली. वजन कमी करायचं काहीतरी, गेलं. कुठल्यातरी दुकानाचं, गेलं. आणि मग आली सापशिडी. चिन्हावर एक हिरवा साप जीभ काढून हसत होता. पंधरवड्यातून एकदा उघडलेली, तीही मिनिटभर. कप्पेकर एकटेच हसले. बायको आणि सापशिडी! या वयात! फोनने विचारलं, काढून टाकायचं का, आतली सगळी माहितीही जाईल. जन्मभर डेडस्टॉकवर सह्या ठोकलेलं ते बोट, ते कशाला थांबतंय? दाबलं 'हो'.

संध्याकाळी बायको आली. फोन हातात घेतला.  पान उलटायला गेली तर पानच नाही. कप्पेकर शेजारी उभे, शाबासकीसाठी पाठ पुढे केल्यासारखे. तिने एकेक कप्पा उघडला, बंद केला. परत उघडला.

"माझी सापशिडी कुठाय?"

"ती काढली," कप्पेकर ऐटीत म्हणाले. "पडून होती. लहान मुलांचा खेळ तो, तुला कशाला—"

"काढली म्हणजे?"

"म्हणजे काढली. डेडस्टॉक."

बायको खुर्चीवर बसली. तिने पिशवीसुद्धा खांद्यावरून काढली नव्हती. "अहो," ती म्हणाली, "त्यात तो होता."

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारता? किती मुलं आहेत तुम्हाला?"

मग तिने सांगितलं. जहाजावर नेटवर्क नसतं. फोन लागतो तो एखाद्या बंदरात, तोही तुटत तुटत. म्हणून जाताना पोराने तिच्या फोनवर सापशिडी घालून दिली होती. एक फासा त्याने टाकायचा, एक तिने. किनारा जवळ आला, जरा नेटवर्क मिळालं की तो आपला फासा टाकायचा. तिच्या फोनवर त्याची निळी सोंगटी सरकायची. ती सरकली की तिला कळायचं, पोरगं पोचलं, जिवंत आहे, बोटं जागेवर आहेत. मग ती आपला फासा टाकायची. दोन वर्षं एकच डाव चालला होता. कधी तो वर, कधी ती. मागच्या महिन्यात तिला नव्वदीतल्या सापाने गिळलं होतं, तर त्याने तिकडून हसणारा चेहरा पाठवला होता.

"आता त्याचा फासा होता," ती म्हणाली. "कधीतरी बंदर लागेल. तो खेळ उघडेल. त्याला काय दिसेल माहितेय? समोरचा खेळाडू खेळ सोडून गेला. आई खेळ सोडून गेली, असं दिसेल त्याला."

कप्पेकरांच्या तोंडचं पाणी पळालं. पडलो तरी नाक वर, तशी त्यांची सवय. पण त्या वेळी नाक कुठे आहे तेच सापडेना. "परत आणतो," ते म्हणाले आणि चपला घालून निघालेच. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना बघवलं नाही हे खरं कारण.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर एक मुलगी होती. तिने फोन उलटसुलट केला. सापशिडी परत घातली, पण ती कोरी. नाव विचारत होती, पहिल्या घरात उभं करत होती.

"जुना डाव येणार नाही काका. खातं उघडलेलंच नव्हतं, तसंच खेळत होत्या काकू. काढताना त्याने विचारलं नाही का तुम्हाला?"

"विचारलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

"मग झालं की." ती हसली नाही, शहाणी मुलगी. पण दुकानाला काचेचं दार होतं आणि कप्पेकरांनी बाहेर पडल्यावर मागे वळून बघितलं.

घरी येऊन ते म्हणाले, "तू त्याला दोन ओळी लिहून टाक ना, की चुकून गेलं."

"मी का लिहू? मी काढलं का?"

"अगं, पण मी कसा—"

"जसं काढलंत तसं. बोटाने."

आणि ती स्वयंपाकाला लागली. दोन ओळी लिहायला तिला काय लागत होतं? पण ती हटली नाही. जीव तर तिचाच टांगणीला लागला होता, तरी हटली नाही. दोन वर्षांची वकिली तिने त्या दिवशी सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये, सुट्टीत, कप्पेकरांनी मुलाचं नाव उघडलं. तिथे जुन्या फोनमधून आलेले शेवटचे दोन मेसेज होते, तो गेला त्या दिवसाचे. वरचा कप्पेकरांचा: "चावी शेजारी ठेवून जा." खालचा त्याचा: "ठेवली." एवढंच. त्याच्याखाली आता लिहायचं होतं. कप्पेकरांनी 'अरे' लिहिलं, पुसलं. 'बाळा' लिहिलं, जहाजावर कढया उचलणारा माणूस, बाळा कुठला, म्हणून तेही पुसलं. आपल्या पोराशी लिहून बोलायची भाषाच त्यांच्याकडे नव्हती हो! हाताला एकच भाषा ठाऊक, ऑफिसला पाठवायची. शेवटी तीच कामी आली आणि मग कसं झरझर उतरलं:

"कळवण्यास खेद वाटतो की, तुझ्या आईच्या मोबाईलमधील सापशिडी हा खेळ माझ्याकडून नजरचुकीने वगळण्यात आला आहे. सबब, खेळ सोडून जाण्यात आईचा कोणताही सहभाग नाही. आई येथेच आहे. कळावे. बाबा."

त्यांनी ते दोनदा वाचलं. बरं वाटलं. लेथवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "आवक-जावक क्रमांक राहिला." कप्पेकरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पाठवून दिलं.

मेसेजपुढे एक बारीक खूण उमटली. पोचल्याची दुसरी उमटेना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. कप्पेकरांचे ते देखणे कप्पे तसेच बंद पडून राहिले; उठता-बसता ते एकच पान उघडून बघायचे. रांगेत कुणी फोन पुढे केला तर म्हणायचे, "राहू दे. तुझा पसारा तुझ्या ओळखीचा आहे." घरी बायको विचारायची नाही, पण ताट वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते मान हलवायचे. तीही जेवण चिवडायची. त्या दिवसांत कप्पेकरांनी स्वतःला ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. 'बैल' ही त्यांतली सगळ्यात सौम्य.

आणि मग एका सकाळी, खिडकीसमोर फिटर ऑइल सीलसाठी उभा असताना फोन वाजला. पडद्यावर मुलाचं नाव. उचलायच्या घाईत फोन एकदा खाली पडला.

"हॅलो—"

"बाबा! आई कुठे आहे?" पोरगा ओरडत होता. मागे भांड्यांचा खडखडाट, इंजिनाची घरघर.

"दुकानात गेलीय."

"दुकानात म्हणजे? बरी आहे?"

"बरी आहे की. सकाळी मलाच झापून गेली. टॉवेल पलंगावर टाकला म्हणून."

  पलीकडून पोराचा श्वास ऐकू आला, धापा टाकत असल्यासारखा.

"बाबा, असं लिहितात का हो माणसाला?" त्याचा आवाज फुटला. "नेटवर्क आलं आणि एकदम सगळं टणटण येऊन पडलं. पहिलं काय, तर समोरचा खेळाडू खेळ सोडून गेला. त्याच्याखाली तुमचा मेसेज. वर पाचसहाच शब्द दिसतात. 'कळवण्यास खेद वाटतो की, तुझ्या आईच्या'. एवढंच! एवढंच दिसत होतं!"

"अरे पण पुढे—"

"पुढचं उघडलंच नाही मी! हातच होईना. बटाट्याच्या पोत्यावर बसून राहिलो. मुख्य आचारी येऊन विचारायला लागला, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, आई गेली."

 खिडकीतून फिटर म्हणाला, "काका, ऑइल सील." कप्पेकरांनी हाताने खूण केली, आत ये आणि घे. फिटर जागचा हलेना. स्टोअरच्या आत कुणी पाऊल टाकलेलं त्याने आजवर पाहिलं नव्हतं. मग तो दबकत आत आला आणि त्याने चुकीचा ट्रे उपसला. वॉशर खळखळून जमिनीवर पसरले. कप्पेकरांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू असं कसं समजलास रे?" ते कसेबसे म्हणाले. "मेसेज तर सापशिडीचा होता."

"तुमचा मेसेज होता ना, बाबा. दोन वर्षांत एक नाही, आणि आज एकदम. तुम्ही काय सहज थोडेच लिहिणार? तुमचं नाव दिसलं तेव्हाच वाटलं, कुणीतरी गेलं. पुढचं नुसतं वाचलं."

  आपल्या पोराला आपलं नाव दिसलं आणि त्याला वाटलं, कुणीतरी मेलं. ते त्यांच्या काळजात घुसलं. फिटर वॉशर गोळा करत कान देऊन ऐकत होता, पण कप्पेकरांना आता कशाचीच लाज उरली नव्हती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही, पोरानेही विचारलं नाही. मग ते म्हणाले, "तुझी आठवण येते रे."

पलीकडे भांडी वाजत राहिली. "मग तसं लिहायचं ना," पोरगा म्हणाला. आवाज खाली आला होता.

"तसं लिहायला येत नाही मला."

"मग येतं ते लिहा. काही झालेलं नसताना लिहा. अधूनमधून. म्हणजे तुमचं नाव दिसलं की माणूस घाबरणार नाही." मग तो एकदम हसायला लागला, रडता रडता हसतात तसा. "'सबब'! आत्ता वाचतोय मी. 'सबब, आईचा कोणताही सहभाग नाही'! बाबा, तुम्ही म्हणजे—" आणि नेटवर्क गेलं.

संध्याकाळी कप्पेकरांनी बायकोला सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. ती आधी डोळे पुसत होती. मग खेदापाशी आल्यावर तिने त्यांच्याकडे बघितलं. "कळवण्यास खेद वाटतो? अहो, मी जिवंत असताना?" आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिचा जीव भांड्यात पडला होता. पोराने तोवर नवा डाव पाठवला होता, या वेळी तीन सोंगट्यांचा. तिने ती सापशिडी आपल्या फोनच्या पहिल्या पानावर ओढून घेतली आणि कुठल्याच ओळीत न बसणाऱ्या जागी, तिरपी, सोडून दिली. कप्पेकरांचे हात एकदा पुढे झाले. ते त्यांनी मांडीखाली घेतले. त्यांच्या पहिल्याच फाशाला साप लागला, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी कप्पेकर स्टोअरमध्ये फोन घेऊन बसले. लिहायचं ठरलं होतं, पण काय? काहीच झालेलं नव्हतं. झालेल्या गोष्टी कळवायची त्यांना जन्माची सवय. न झालेलं कसं कळवायचं? "कळवण्यास आनंद होतो की" असं सुरू केलं आणि स्वतःच कपाळावर हात मारून पुसून टाकलं. बाहेर फिटर, लेथवाला, दोघंतिघं येऊन उभे राहिले होते. जाळी वाजवत होते. कप्पेकर म्हणाले, "थांबा रे, काम चाललंय," आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं:

"आई ठीक आहे. मी पण ठीक. काही झालेलं नाही. सहज लिहितोय."

वर पाचसहाच शब्द दिसतात म्हणाला होता ना पोरगा, म्हणून 'आई ठीक आहे' त्यांनी सगळ्यात आधी घातलं.